तासांची सावड

तांडापेठ, नागपूर
१० जून २०२४

दादा,

तुझे पैसे आले. दर महिन्याला येतात तसेच आले. मोबाईल वाजला, खाली तुझं नाव, आणि निरोपाच्या जागी काहीच नाही. जानेवारीत एकदा तू तिथे नुसतं एक टिंब टाकलं होतंस. ते मी आईला दाखवलं तर म्हणाली, "बोटानं चुकून पडलं असन." पण मग दिवसभरात दोनदा माझा मोबाईल मागून घेतला.

फोन तू उचलत नाहीस, नंबरही बदलतोस, म्हणून टपालानं लिहिते आहे. पत्ता आपल्याकडे शिवणाऱ्या रुख्माबाईंच्या भाच्यानं दिला. तो तिरुपूरला तुझ्या शेजारच्याच कपड्यांच्या कारखान्यात आहे. तू चहाच्या टपरीवर उभा होतास आणि तुझी दाढी वाढली आहे, एवढं त्यानं सांगितलं. त्याच्यावर रागावू नको.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. आम्ही तुझे आभारी आहोत, हे कोणीतरी तुला लेखी सांगायला हवं होतं. बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते आणि तू कॉलेज सोडून बाबांच्या मशीनवर बसलास. माझी एम.कॉम.ची फी तू भरलीस. आता मी घरी बारावीच्या शिकवण्या घेते आणि पोरांना पैशाची कार्ये शिकवते. विनिमयाचे माध्यम, मूल्याचे मापन वगैरे. पोरं पाठ करतात. मीही पाठच केलं होतं.

बँकेचे लोक मशीन न्यायला आले तेव्हा तू नव्हतास, आदल्याच दिवशी गेलास. बरं झालं. कटिंगचं मशीन, ओव्हरलॉक, मोटरवाल्या सगळ्या मशीन टेम्पोत चढल्या. आलेला साहेब तुझ्याच वयाचा होता, अभिजीत नावाचा. आईनं त्याला पाणी दिलं. तो ग्लास परत देताना खाली बघत म्हणाला, "काकू, मलाही वरून टार्गेट असतं." आजोबांच्या वेळच्या पायडलच्या चार मशीन कर्जाच्या कागदात नव्हत्या, त्या तेवढ्या शेडमध्ये राहिल्या.

गल्लीत म्हणतात, अंकितचा धंदा बुडाला. मला तो शब्द पटत नाही. माल खपला नाही तर धंदा बुडाला म्हणावं. तुझे गणवेश तर अजून पोरांच्या अंगावर आहेत. शाळेनं कंत्राटदाराला पैसे दिले, त्यानं तुला जवळजवळ वर्षभर दिले नाहीत, आणि त्या वर्षात बँकेचं व्याज एक दिवस थांबलं नाही. लहान कारखानदाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. पण तक्रार करणाऱ्याला पुढच्या हंगामात ऑर्डर कोण देणार, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

परवा रुख्माबाई आल्या होत्या. शेडमध्ये जाऊन आपल्या जुन्या जागेवर बसल्या. म्हणाल्या, "हात रिकामे हायेत वं पोरी. शाळा उघडून राहिल्या, गल्लीतल्या पोट्ट्यायले ड्रेस पायजे. मशीनी हायेत. मंग अडलं काहून?"

मी म्हटलं, "पैसा नाही ना, रुख्माबाई."

"कपडा पैसा शिवते का?"

तेव्हा दत्तोपंत दारात उभे होते. कोपऱ्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले, तुला सकाळी फिरताना भेटायचे ते. ते आत येऊन बसले आणि मला विचारलं, "अंकितला बँकेनं कर्ज दिलं ते पैसे आले कुठून, सांग बरं."

"ठेवीदारांकडून," मी म्हटलं. पुस्तकात तेच आहे.

"मी जन्मभर कर्जं मंजूर केली. कर्जदाराच्या खात्यात आकडा लिहिला तेव्हा दुसऱ्या कोणाच्या खात्यातून एक रुपया कमी झालेला मी पाहिला नाही. तो लिहिलेला आकडाच नवा पैसा असतो. बाजारात फिरतो त्यातला बहुतेक पैसा असाच जन्मतो. कोणाचं तरी कर्ज म्हणून. फक्त मुद्दल लिहितात, व्याज कोणी लिहीत नाही. ते व्याज फेडायचं तर आणखी कोणीतरी कर्ज काढलं पाहिजे. काढणारे कमी झाले की बाजारात पैसा आटतो, आणि कोणीतरी एक उघडा पडतो. या वेळेस तुझा भाऊ पडला."

"मग दादाची चूक नव्हती?"

"चुका सगळेच करतात. पण सगळ्यांनी हुशारीनं धंदा केला असता तरी कोणीतरी उघडा पडलाच असता."

दादा, त्या वाक्यासाठी हे पत्र लिहिलं. तू तिकडे एकटा बसून स्वतःला काय काय म्हणत असशील ते मला माहीत आहे. त्यात हे एक वाक्य ठेव.

आई बरी आहे. दारात खुर्ची टाकून बसते, येणारीजाणारी माणसं बघते.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पत्र मात्र घे.

भूमिका


५ सप्टेंबर २०२४

दादा,

परवा मारबतीची मिरवणूक निघाली. यंदा आपल्या गल्लीतल्या पोरांनी चक्रवाढ व्याजाचा बडग्या केला होता, मोठं पोट आणि गळ्यात हप्त्यांच्या पावत्यांचा हार, आणि शेवटी तो पुतळा जाळला. कल्पना कोणाची असेल ते तू ओळखशील. दत्तोपंत गर्दीत पुढे उभे होते आणि दुसरीकडे पाहत होते.

आता सांगायची गोष्ट. शेड सुरू झाली आहे. घाबरू नको, कुठूनही कर्ज काढलेलं नाही.

पाऊस लागायच्या आधी कुहीहून जागेश्वर मामा आला. सोबत तांदळाचं पोतं. त्याला खळ्यावर टाकायची ताडपत्री जोडून हवी होती, मच्छरदाण्या शिवून हव्या होत्या आणि दोन नातवांचे गणवेश. म्हणाला, "बाई, आता नगद नाही माह्याजवळ. तांदूळ हाय. चालन का?"

मी रुख्माबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खायले तांदूळच लागते ना?"

शिवून होईपर्यंत मामा तीन दिवस राहिला. त्याला रिकामं बसवेना. गळकं शेड त्यानं शाकारून दिलं. रात्री जेवताना म्हणाला, "आमच्याकडं याले सावड म्हनते. आज तुह्या धानाच्या बांधीत मी रोवणा करतो, उद्या माह्या बांधीत तू. पैसा मधात येतच नाही. पूर्ण गावाचा रोवणा होऊन जाते."

त्यावरून सुरुवात झाली. एक तास काम म्हणजे एक तास काम, मग ते शिवण असो, शिकवणी असो, नळ बसवणं असो की कोणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणं. हिशेब राहावा म्हणून तुझ्या पेटीतली मरून रंगाची बटणं काढली, गणवेशाच्या एका रद्द झालेल्या ऑर्डरमधली उरलेली. एक तासाला एक बटण. ज्यानं काम केलं त्याला बटण मिळतं, त्याला काम हवं असेल तेव्हा तो ते देतो. कापडाला, धाग्याला, विजेला रुपये लागतातच. ते गणवेशाच्या किमतीतून घेतो. बाकी शिलाई बटणांत.

पहिल्या आठवड्यात आपल्याकडच्या जुन्या बायांपैकी किती येतील याची मला धास्ती होती. सगळ्या आल्या. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला रविंद्र आला, नूपुर आली. नूपुरला तू ओळखत नाहीस. ती दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करते, नायक तलावाकडे राहते. तिची दोन पोरं माझ्याकडे शिकवणीला येतात.

मी रुख्माबाईंना विचारलं, "बटणावर एवढा भरवसा कसा काय ठेवला तुम्ही?"

त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "बटनावर कोन ठेवते? मागच्याच्या मागच्या दिवाळीले बँकेचा हप्ता तुंबला होता, तरी तुह्या भावानं आधी आमची मजुरी देली. बोनससकट. त्याच्या घरात आम्ही भरवसा नाही ठेवणार तं कोनाच्या?"

मला हे माहीतच नव्हतं. तू आईलाही सांगितलं नव्हतंस. तो हप्ता चुकला म्हणून खातं बुडीत ठरलं, एवढंच आम्हाला समजलं होतं. बँकेच्या लेखी तू त्या दिवशी बुडालास. इथे बायांच्या लेखी नेमकं उलट झालं, आणि शेड चालते आहे ती त्यावर. दादा, मी हे पुन्हा लिहिते, कारण तू वाचून पुढे जाशील. शेड चालते आहे ती तुझ्यामुळे.

मामाच्या तांदळाचा भात चांगला मोकळा होतो. आई मजेत आहे.

तुझी,
भूमिका


८ डिसेंबर २०२४

दादा,

तीन आठवडे मोठा गोंधळ होता, आता निस्तरला आहे म्हणून सांगते.

दिवाळीनंतर काय झालं की सगळीकडे बटणंच बटणं दिसायला लागली. आधी आम्हाला आनंद झाला. बाया दिवसभर शिवत होत्या, डबे भरत होते. पण बटण घेऊन काम मागायला जावं तर कोणाकडे वेळच नाही. सगळे आधीच कोणाच्या तरी कामात गुंतलेले. मग एकजण म्हणाला, माझ्या तासाला दोन बटणं लागतील. दुसऱ्या दिवशी आणखी एकीनं तेच म्हटलं. मी वर्गात चलनवाढ शिकवते, पण ती आपल्या शेडच्या दारातून आत येताना मला ओळखू आली नाही.

रविवारी आम्ही सगळे बसतो. त्या रविवारी रविंद्रची मुलगी अबोली आली होती, तिचं लग्न ठरलं होतं. पंधरा ब्लाऊज, घरच्यांचे कपडे, रुखवताच्या गोधड्या, सगळं शेडमध्येच शिवायला दिलेलं. सगळ्यांचे आभार मानायला म्हणून आली आणि सहज बोलून गेली, "बाबांनी गांधीबागेच्या बाजारातून तसल्याच बटणांचा पुडा आणला म्हणून बरं झालं, नाहीतर एवढं कसं जमलं असतं?"

सगळ्यांनी रविंद्रकडे पाहिलं. पोरीला काय झालं ते कळेना. रविंद्र भिंतीला टेकून बसला होता, तो उठून उभा राहिला.

"हो, आणला मी," तो म्हणाला. "लपवून काय करू? पोरीचं लगन हाय. तेवढे तास करायले मले दोन वर्षं लागले असते."

रुख्माबाई म्हणाल्या, "अन् आम्ही रातंदिवस शिवून राहिलो, ते काय फुकट?"

"फुकट काहून? बटन देलं ना तुमाले. दत्तोपंत, तुम्हीच सांगतलं होतं, बँक नुसता आकडा लिहिते अन् त्याचा पैसा होते. मंग मी बटन इकत आणलं तं फरक काय पडला?"

मला वाटलं दत्तोपंत चिडतील. त्यांनी आपला चष्मा पुसला. मग म्हणाले, "काही फरक नाही, रविंद्र. तू केलंस ते बँक रोज करते, आणि तिला कोणी रविवारच्या बैठकीत उभं करत नाही. म्हणून तर सांगतो, पैसा कोणी तयार करायचा हा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. ज्याच्या हातात तो अधिकार, त्याच्या घरचं लग्न सगळ्या गल्लीनं राबून करून द्यायचं."

रविंद्र खाली बसला. अबोली रडायला लागली. ती म्हणाली, कपडे परत देते. रुख्माबाईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "शिवलेला कपडा परत घेऊन काय करू आम्ही? तू नेस, छान दिसशील. तुह्या बापाकडून आम्ही वसूल करून घेऊ."

तसंच ठरलं. रविंद्र रोज दुकान बंद झाल्यावर एकेका घरचे नळ, कड्या, टाक्या दुरुस्त करतो आहे. तोंड वाकडं न करता करतो, हे सांगायला हवं. लग्नाला सगळे गेलो, सावजी जेवण झालं, तोही बसला पंगतीत आमच्यासोबत.

बटणं मात्र बंद केली. दत्तोपंत म्हणालेच होते की नोटेसारखं काही चालवलं तर ते कायद्यात बसायचं नाही. आता शेडच्या भिंतीवर काळा रंग मारलाय. त्यावर प्रत्येकाचं नाव. तू माझं एक तास काम केलंस तर तुझ्या नावापुढे अधिक एक, माझ्या नावापुढे उणे एक. सगळ्यांची बेरीज कायम शून्य, त्यामुळे बाहेरून काही घुसवता येत नाही. कोणालाही ठरावीक मर्यादेच्या खाली उणे जाता येत नाही. आणि उण्यावर व्याज नाही. ते उणे तिथे शांतपणे बसून राहतं, वाढत नाही. मी कधीकधी नुसती ते बघत उभी राहते. आपल्या घरात आकडा झोपेतही वाढायचा, आठवतं ना तुला?

नवीन धान निघालं. मामानं पोतं पाठवलं आहे.

तुझी,
भूमिका


२ फेब्रुवारी २०२५

दादा,

या वेळी पैशांसोबत तुझा निरोप आला. "पत्रांत आई बोलत का नाही?"

तू नीट वाचतोस हे विसरले होते. तीन पत्रांत सगळे बोलले, आई फक्त पहिल्या पत्रात, तेही जानेवारीतलं वाक्य. मी ते ठरवून केलं नव्हतं. तिच्या तोंडी खोटं वाक्य घालता आलं नाही, एवढंच.

गेल्या होळीच्या आठवड्यात आईला लकव्याचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा गेली. तुला फोन लावला, नंबर बंद होता. नंतर पत्ता मिळाला तेव्हा वाटलं, हे कळलं तर तू तिथे स्वतःला आणखी एक दोष लावून घेशील आणि काहीतरी करून बसशील. म्हणून लिहिलं, दारात खुर्ची टाकून बसते. बसते हे खरंच आहे. तिथे तिला उचलून बसवावं लागायचं, तेवढं लिहिलं नाही.

आता पूर्ण सांगते, कारण सांगण्यासारखं पुष्कळ चांगलं आहे.

सरकारी दवाखान्यातून घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा रोजच्या व्यायामाची गरज आहे. घरी येऊन व्यायाम करवणाऱ्या बाईचा महिन्याचा आकडा ऐकून मी मानच हलवली. तुझ्या पैशांत घर, औषधं आणि वीजबिल भागत होतं, त्यापलीकडे नाही. सावड सुरू झाली तेव्हा नूपुर शिकवणीची फी विचारायला आली होती. मी म्हटलं, फी नको, माझ्या आईला रोज एक तास दे. ती त्या दिवसापासून पहाटे ड्यूटीला जायच्या आधी येते. तिच्या पोरांची शिकवणी मी करते, पण आईला रोजचा तास लागतो आणि शिकवणी आठवड्यातून तीन दिवस. त्यामुळे भिंतीवर आईचं नाव उण्यात गेलं, आणि जातच राहिलं. रुख्माबाई तिची वेणी घालायच्या, कोणी तिला आंघोळ घालायचं, त्याचेही तास.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी आईनं भिंतीकडे बोट केलं. डाव्या हातानं. स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, आकड्यावर ठेवलं, आणि रडायला लागली. सगळ्यांत खाली तिचंच नाव होतं, मर्यादेच्याही खाली. मीच ओढूनताणून तसं राहू दिलं होतं.

रविंद्र म्हणाला, "काकू, बँक हाय काय हे? कोन येऊन राहिलं सामान उचलायले?"

पण आई थांबेना. तिला लाजच वाटत होती, दादा. तुला वाटते तीच.

तेव्हा रुख्माबाई मशीनवरून उठल्या. म्हणाल्या, "ह्या शेडात मी पंधरा वर्षं शिवलं. माह्ये दोन पोट्टे ह्या शामलाबाईच्या, तुह्या मायच्या, मांडीवर मोठे झाले. आमच्या सगळ्यायचेच झाले. तवा भिंत नव्हती, म्हणून कोनी लिवलं नाही. आता लिवायचं असन तं मागचंबी लिवा." आणि त्यांनी ओला फडका घेऊन आईच्या नावापुढचा आकडा पुसला. नाव राहू दिलं.

दत्तोपंतांनी त्यातून नियम केला. आजारी आणि म्हाताऱ्या माणसापुढे उणे लिहायचं नाही, ते सगळ्यांनी थोडं थोडं वाटून घ्यायचं. नियम सगळ्यांना मान्य झाला. असं रुपयाच्या बाबतीत का होऊ शकत नाही, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. रुपयाचे नियमही माणसांनीच केलेत.

म्हणून गेल्या आठवड्यात बँकवाल्यांचा लहान उद्योजकांसाठी मेळावा होता, तिथे मी नाव दिलं आणि बोलले. मी म्हटलं, शाळेचे कपडे, नाल्या, दवाखाने अशा गरजेच्या कामांसाठी लागणारा नवा पैसा सरकारनं थेट त्या कामावर खर्च करून आणावा, तो कोणाचं तरी कर्ज म्हणूनच का जन्मावा? आपल्याकडे सावकारालाही दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाइतकं झालं की तिथे थांबायचं. बँकेला तो का नाही? आणि वस्तीवस्तीत अशी सावड करणाऱ्यांना कायद्यात जागा द्या, म्हणजे उद्या कोणी आम्हाला भिंत पुसायला लावणार नाही. मंचावरचे साहेब म्हणाले, "ताईंच्या भावना पोहोचल्या." मग चहा झाला.

तिथून काही निघालं नाही, एक सोडून. मशीन न्यायला आलेला तो अभिजीत मागच्या रांगेत होता. बाहेर मला गाठलं. आईची चौकशी केली, तिनं दिलेलं पाणी त्याच्या लक्षात होतं. म्हणाला, "तुमचं मुद्दल फिटलेलं आहे, उरलंय ते चढलेलं व्याज. तडजोडीचा अर्ज करा. मी स्वतः वर पाठवतो." अर्ज दिला आहे. त्याचेही आभार मानायला हवेत. तो त्याच व्यवस्थेत नोकरी करतो आणि त्याला ती आवडत नाही, असं मला वाटलं.

आई आता काठी घेऊन शेडपर्यंत चालते. शब्द थोडे आहेत, पण आहेत. तू विचारलंस म्हणून तिला म्हटलं, दादाला काय लिहू? बराच वेळ तोंड हलवत राहिली. मग म्हणाली, "ये."

एवढंच बोलली. मी त्यात काही घातलेलं नाही.

भूमिका


२४ मार्च २०२५

दादा,

तू होळीला आलास. आता दहा दिवस झाले तरी शेजारी येऊन विचारतात, खरंच आला होता का. मी म्हणते, शेडमध्ये जाऊन मशीनचा आवाज ऐका.

तू दारात उभा राहिलास तेव्हा आई उठायला लागली आणि काठी सापडेना. तू खाली बसून तिच्या पायावर डोकं ठेवलंस. मी आत निघून गेले, कारण पुढचं तुम्हा दोघांचं होतं. तिनं तुला काय सांगितलं ते मी विचारणार नाही. संध्याकाळी मात्र तिनं डाव्या हातानं तुला पुरणपोळी वाढली आणि तूप सांडलं, ते पुसू दिलं नाही.

रुख्माबाई तुला काय म्हणतील याची तुला भीती होती, मला कळलं होतं. त्या आल्या, तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "दाढी काढ गा आधी," आणि मशीनवर बसल्या. तू दिवसभर शेडमध्ये त्या जुन्या मशीन खोलत होतास. तिरुपूरला शिकलेली कॉलरची कटिंग बायांना दाखवत होतास. पाच दिवसांत तू घराबाहेर पडलास तो एकदाच, रविंद्रच्या दुकानातून तेल आणायला.

स्टेशनवर तू म्हणालास ते मी विसरलेले नाही. केरला एक्सप्रेस उशिरा होती, आपण बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, राहा ना आता, शेड चालते आहे, खायला आहे, माणसं आहेत.

तू म्हणालास, "तडजोड झाली तरी हप्ते रुपयांतच भरायचे आहेत, भूमी. भिंतीवरचे तास बँक घेत नाही."

सावडीनं आपल्याला तांदूळ दिला, आईचे पाय दिले, तुझं नाव परत दिलं. पण तुला घरी राहू देण्याची ताकद तिच्यात अजून नाही. एक पोरगा घरापासून दीड दिवसाच्या प्रवासावर राबतो, आणि ज्या आकड्यासाठी तो राबतो त्याचं मुद्दल त्यानं केव्हाच फेडलेलं आहे. हे नैसर्गिक आहे असं यापुढे मी कुठल्याही वर्गात शिकवणार नाही. बारावीच्या पोरांना परवा पुस्तक मिटायला सांगितलं आणि शेडमध्ये नेऊन भिंतीसमोर बसवलं. एकानं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेत येईल का?" मी म्हटलं, परीक्षेत नाही येणार.

तडजोड मंजूर झाल्याचं पत्र शनिवारी आलं. अभिजीतनं ते स्वतः आणून दिलं. चढलेल्या व्याजाचा मोठा भाग त्यांनी सोडला. उरलेले हप्ते पुढच्या दिवाळीपर्यंत आहेत. तेवढे दिवस तू तिकडे, आणि मग बघू. आता फोन उचलतोस, त्यामुळे हे पत्र लिहायची गरज नव्हती. पण काल रविवारची बैठक झाली आणि तिथे जे झालं ते फोनवर सांगितलं असतं तर तू काहीतरी बोलून उडवून लावलं असतंस. म्हणून लिहून पाठवते.

बैठक उठता उठता रुख्माबाई म्हणाल्या, "अंकितचं नाव काहून नाही भिंतीवर? पाच दिवस काम करून राहिला होता ना तो?"

मी म्हटलं, घरचाच आहे तो, त्याचं काय लिहायचं.

"घरचा हाय म्हणून फुकटात काम करून घ्यायचं काय?" त्यांनी खडू माझ्या हातात दिला. दत्तोपंतांनी तास मोजून सांगितले, रविंद्रनं त्यात तेल आणायला गेलेला अर्धा तासही धरायला लावला, आणि तेवढं उणे सगळ्यांनी वाटून घेतलं. आई खुर्चीत बसून बघत होती.

मी तुझं नाव लिहिलं, दादा, सगळ्यांत वर जागा होती तिथे. पुढे अधिकची खूण केली आणि आकडा लिहिला. माझा हात थांबला, कारण तुझ्या नावापुढे अधिक लिहिलेलं मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. आईनं दोनदा वाचलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्याकडं... हाय... त्याचं."

तेव्हा हिशेब असा आहे. तांडापेठेत तुझ्याकडे कोणाचं काही निघत नाही. तांडापेठ तुझं देणं लागते, आणि इथल्या नियमाप्रमाणे ते तुलाच येऊन वसूल करावं लागेल.

तुझी,
भूमिका